घरगुती डिओडरंट: पुण्याच्या उन्हाळ्यात वितळणार नाही आणि काखेला सोसेल असं प्रमाण हवं आहे

लिंबकांती (कोथरूड)

नमस्कार मंडळी. घरी डिओडरंट करायच्या बहुतेक कृती एकाच साच्याच्या आहेत: खोबरेल, खायचा सोडा आणि आरारूट समप्रमाणात कालवा, चार थेंब सुगंधी तेल टाका, बरणीत भरा. पुण्यात ही कृती दोन ठिकाणी अडते. मार्च उजाडला की बरणीत तेल वर आणि पावडर तळाला. आणि इतका सोडा रोज लावला की बऱ्याच जणांची काख आधी चुरचुरते, मग लाल होते आणि शेवटी काळवंडते.

मला बरणीतली मलम नको, फिरवून वर येणारी कांडी हवी आहे. मेण किती घालायचं? सोडा कमी करायचा की काढूनच टाकायचा? काढला तर त्याच्या जागी काय? तुरटी चालते असं पुष्कळ जण म्हणतात, ती याच कांडीत घालता येते का? आणि सामान शहरात कुठे मिळेल? नेमकी वजनं सांगितलीत तर फार बरं होईल. 'एक चमचा' म्हणजे प्रत्येकाचा चमचा वेगळा.

---

घाण्याचंतेल (सिंहगड रस्ता)

खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं. एप्रिल-मेच्या दुपारी पुण्यात पारा ३८-४० ला टेकतो, म्हणजे खोबरेलाच्या जिवावर घट्टपणा येणं शक्यच नाही. आरारूट तेलात विरघळत नाही, नुसतं तरंगत राहतं. तेल पातळ झालं की ते खाली बसणारच. घट्टपणा दोन गोष्टींतून आणायचा. मधमाशीचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, ते कांडीचा सांगाडा धरतं. कोकमतेल (कोकणात टाचांच्या भेगांना लावतात ते पिवळट-पांढरे गोळे) अंगाच्या उष्णतेच्या थोडं वर वितळतं, म्हणून कांडी उभीही राहते आणि काखेवरून सरकतेही. शिया बटर वापरण्यापेक्षा कोकमतेल बरं. ते जास्त कडक असतं, आपल्याकडचं आहे, आणि शियासारखं रवाळ होण्याचा त्रास कमी.

उन्हाळ्यासाठी १०० ग्रॅमचं प्रमाण, सगळं ग्रॅममध्ये:

मधमाशीचं मेण १८
कोकमतेल २०
खोबरेल २५
एरंडेल ५
आरारूट २२
झिंक ऑक्साइड ५
खायचा सोडा ४
व्हिटॅमिन ई तेल अर्धा
सुगंधी तेल अर्धा

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मेण १२ वर आणा आणि ते सहा ग्रॅम खोबरेलात वाढवा. पुण्यात थंडीच्या पहाटे १०-१२ अंश असतात, तेव्हा उन्हाळी कांडी दगडासारखी लागते आणि कातडी ओढते.

आता कृती. भांडी, ढवळायचा चमचा, साचा (म्हणजे कांडीची फिरवून वर येणारी रिकामी नळी) सगळं कोरडं ठणठणीत हवं. या मिश्रणात पाणी नाही म्हणून परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) लागत नाही. पाण्याचे चार थेंब गेले की तो फायदा संपला. आरारूट, झिंक आणि सोडा एकत्र करून मलमलच्या फडक्यातून किंवा मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळा. चाळताना तोंडाला मास्क लावा, झिंकची धूळ श्वासात जाऊ नये. सोडा खडबडीत वाटला तर कोरड्या मिक्सरमधून आधी फिरवून घ्या. तेलात तो विरघळत नाही, त्यामुळे जाड कण तसेच राहतात आणि काखेत घासले जातात. अर्धी चुरचुर तिथूनच येते.

पातेल्यात पाणी मंद उकळत ठेवून त्यात स्टीलचा डबा ठेवा आणि त्यात आधी फक्त मेण वितळवा. मेण पूर्ण पातळ झालं की कोकमतेल, मग खोबरेल आणि एरंडेल. तेलं गार असतील तर मेण क्षणभर गोठून गुठळ्या दिसतात, घाबरू नका, परत वितळतात. डबा बाहेर काढून पुसा, नाहीतर बाहेरचं पाणी ओघळून साच्यात जातं. पावडर थोडी थोडी घालत ढवळत राहा. मिश्रण ५५ अंशांच्या आसपास आलं की व्हिटॅमिन ई आणि सुगंधी तेल. त्याआधी घातलं तर वास उडून जातो.

ओतायची वेळ चुकली की कांडी बिघडते. फार गरम ओतलं तर आरारूट नळीच्या तळाशी बसतं आणि वरचा भाग नुसता तेलमेण राहतो. फार उशीर केला तर मध्ये पोकळ्या राहतात. चमचा उचलल्यावर धार पडते पण चमच्याला जाड थर चिकटून राहतो, तेव्हा ओता. मेण गार होताना आक्रसतं, म्हणून मध्यभागी खड्डा पडतो. दोन चमचे मिश्रण मागे ठेवून तो खड्डा नंतर भरा. उन्हाळ्यात नळ्या ओतल्यावर वीस मिनिटं फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही. फ्रीजरमध्ये चिरा पडतात.

ओतण्याआधी एक चाचणी मात्र चुकवू नका. फ्रिजमधल्या ताटलीवर अर्धा चमचा मिश्रण टाका, गोठलं की बाहेर काढून दहा मिनिटं ओट्यावर ठेवा आणि बोटाने दाबा. बोट रुतलं तर दोन ग्रॅम मेण वाढवा, नख लागत नसेल तर तीन ग्रॅम खोबरेल. मेण आणि कोकमतेल दर खेपेला थोडं वेगळं निघतं, म्हणून कागदावरचं प्रमाण शेवटचं समजू नका.

---

सामूपट्टी (औंध)

वरची कृती चांगली आहे, माझा आक्षेप फक्त सोड्याला. प्रश्नात काख लाल होऊन काळवंडते असं लिहिलंय, मग चार टक्केही कशाला?

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. काखेतल्या अपोक्राइन नावाच्या घामग्रंथींचा स्राव कोरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकोकस होमिनिस असे तिथले जिवाणू फोडतात, त्यातून उग्र वासाची आम्लं आणि गंधकाची संयुगं तयार होतात. डिओडरंटने या जिवाणूंची सोय मोडायची किंवा तयार झालेल्या वासाला बांधायचं, एवढंच काम आहे. घाम थांबवणं हे अँटिपर्स्पिरंटचं काम. ते अल्युमिनियमच्या क्षारांनी घामाच्या नळ्यांची तोंडं तात्पुरती बंद करतं. घरच्या कांडीकडून कोरड्या काखेची अपेक्षा ठेवली तर निराशा होईल. आरारूट थोडा ओलावा शोषतं, बस.

त्वचेचा सामू (pH, सातच्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) साधारण ४.५ ते ५.५, काखेत जरासा जास्त. सोड्याचं पाणी ८.३ च्या आसपास जातं. घाम आला की कांडीतला सोडा त्यात विरघळतो आणि तेच पाणी दिवसभर काखेत राहतं. त्वचेचा वरचा थर सैल होतो, जळजळ होते, आणि आपल्या वर्णाच्या त्वचेत जळजळीनंतर काळा डाग मागे राहतो. तो जायला महिने लागतात. काही ठिकाणी याला 'शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत, दोन आठवडे सोसा' असं सांगतात. कृपया ऐकू नका. ती इजा आहे. लाल झालं की त्याच दिवशी बंद.

पर्याय मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. त्याचाही सामू अल्कधर्मी, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे एकदम अंगावर येत नाही. वरच्या कृतीत सोडा ४ काढून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ५ घ्या आणि आरारूट २२ चं २१ करा, बेरीज जमते. झिंक ऑक्साइड आहे तसं राहू द्या. वास रोखण्यात त्याचा मोठा वाटा आहे आणि त्वचेला ते शांत ठेवतं.

ज्यांना सोडाच ठेवायचा आहे त्यांनी पाकीट नीट वाचा. हवा तो खायचा सोडा. धुण्याचा सोडा आणि पापडखार कितीतरी जास्त तीव्र आहेत, काखेत भाजल्यासारखी जखम होईल. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्लही असतं, ओल लागली की दोन्ही एकमेकांना संपवतात आणि हाती काही राहत नाही.

लिंबाचा रस चोळणं हा दुसरा धोका. त्याचा सामू २ च्या जवळ, आणि लिंबाच्या सालीतल्या घटकांवर ऊन पडलं तर फोड आणि डाग येतात.

तुरटीचं विचारलंय तर कांडीत नको. तुरटी आम्लधर्मी, सोडा आणि मॅग्नेशियम अल्कधर्मी. घामात दोघं भेटले की सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, अल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पांढरा साका बसतो, आणि दोन्ही वाया जातात. त्याच कारणाने सकाळी तुरटी आणि त्यावर सोड्याची कांडी असंही करू नका. एक बाजू निवडा.

---

लिंबकांती

सोडा काढायचा हे पटलं. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड म्हणजे औषधाच्या दुकानात मिल्क ऑफ मॅग्नेशिया मिळतं तेच ना? ते पाच ग्रॅम मोजून घातलं तर चालेल? आणि कोकमतेल, मेण, नळ्या कुठे बघू?

---

बोहरीआळी (रविवार पेठ)

नाही, ते कांडीत घालू नका. मिल्क ऑफ मॅग्नेशिया म्हणजे साधारण आठ टक्के मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि बाकी बहुतेक पाणी. मेणात गेलं की फुटतं आणि त्या पाण्यात बुरशी धरते. कांडीला पावडरच लागते. बाटली मात्र वेगळी वापरता येते. हलवून कापसाने काखेत पातळ थर द्यायचा आणि वाळू द्यायचा. फक्त घटक वाचा. बद्धकोष्ठतेच्या काही औषधांत त्यात लिक्विड पॅराफिन आणि स्वाद मिसळलेला असतो, तसली नको.

मॅग्नेशियम आणि झिंक ऑक्साइड दोन्ही घेताना पाकिटावर 'आय. पी.' लिहिलेलं पाहा, म्हणजे औषधी प्रतीचं. प्रयोगशाळेसाठीची रसायनं अंगाला लावायला नसतात, आणि रंगकामाच्या झिंकमध्ये शिशासारखी अशुद्धी असू शकते. दोनशे रुपये वाचवायला तिथे जाऊ नका.

कोकमतेल कोकणी मेव्याच्या दुकानांत विचारा. आमसुलं, आगळ विकणाऱ्याकडे बहुधा असतं किंवा तो मागवून देतो. गोळ्याला कुबट वास येत असेल तर जुना आहे, सोडून द्या. मेण घेताना 'मधमाशीचं' असं स्पष्ट सांगा. मेणबत्तीचं मेण पॅराफिन असतं, त्याची कांडी ठिसूळ होते आणि घाम आला की पापुद्रे सुटतात. खऱ्या मेणाला मधाचा मंद वास असतो आणि तळहातात दाबलं की हळूहळू मऊ होतं. गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, मधमाश्या पाळणारे तिथे येत-जात असतात. मेण कुठे मिळेल याची चौकशी तिथे करून बघा. पोळ्यातून थेट आलेलं काळपट मेण असेल तर गरम पाण्यात वितळवून फडक्यातून गाळा, गार झाल्यावर वर आलेली चकती पूर्ण वाळवा, मगच वापरा.

आरारूटबद्दल: वाणसामानाच्या दुकानात स्वस्तात मिळणारं आरारूट बऱ्याचदा मक्याचं पीठच असतं. इथे त्याने बिघडत नाही, कॉर्नफ्लॉवरही तितकाच ओलावा शोषतो. उपासाला लागणार असेल तर गोष्ट वेगळी.

फिरवून वर येणाऱ्या रिकाम्या नळ्या बोहरी आळीत प्लॅस्टिकच्या डब्या-बाटल्यांच्या दुकानांत शोधा. तळाशी त्रिकोणात ५ आकडा म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते घ्या. पारदर्शक कडक पॉलिस्टायरीनला, आकडा ६, सुगंधी तेलाने तडे जातात. वजनासाठी अर्धा ग्रॅम दाखवणारा छोटा खिशातला काटा हवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर अर्धा ग्रॅम कळतच नाही आणि सुगंधी तेलाची चूक तिथेच होते.

---

पर्वतीपायथा (सहकारनगर)

तुरटीची बाजू मी मांडतो, कारण ज्यांना तेलकट काहीच सोसत नाही त्यांच्यासाठी ती खरंच चांगली आहे, आणि घरात असतेच.

अंघोळीनंतर ओल्या काखेत तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवायचा आणि वाळू द्यायचा, एवढंही पुरतं. खडा धुऊन कोरडा ठेवा. कडा झिजून धारदार झाल्या तर ओल्या फडक्यावर घासून गोल करा, कापलेल्या जागी तुरटी जबरदस्त झोंबते.

फवारा हवा असेल तर डिस्टिल्ड पाणी ९४ ग्रॅम, तुरटीची पूड ४, ग्लिसरीन २. पाणी कोमट करून तुरटी पूर्ण विरघळवा, गाळा, गार झाल्यावर ग्लिसरीन घाला. ग्लिसरीन पाचाच्या वर गेलं की काख चिकट होते. गुलाबपाणी, कोरफडीचा गर, कडुनिंबाचा काढा यातलं काही घालू नका. यात परिरक्षक नाही, वनस्पतीचा अंश गेला की चार दिवसांत बुरशीच्या तारा दिसू लागतात. नुसतं असेल तरी शंभर मिलीच करा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. सुगंधी तेलही नको. ते पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि एखाद्या फवाऱ्यात निव्वळ तेल काखेवर बसतं. वास हवाच असेल तर अत्तराचा थेंब कपड्याच्या आतल्या शिवणीला लावा.

तुरटीचं पाणी आम्लधर्मी, ते धातू खातं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करू नका, काच किंवा चांगलं प्लॅस्टिक घ्या. फवाऱ्याचं तोंड स्फटिकांनी बंद पडतं, गरम पाण्यात पाच मिनिटं बुडवलं की मोकळं होतं. तव्यावर फुलवलेल्या तुरटीची लाही यासाठी वापरू नका. तिच्यातलं स्फटिकजल उडालेलं असतं, त्यामुळे चार ग्रॅम लाहीत तुरटीचा अंश चार ग्रॅम खड्यापेक्षा जवळजवळ दुप्पट पडतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तुरटी म्हणजे पोटॅशियम अल्युमिनियम सल्फेट. तिच्या खड्यावर 'अल्युमिनियमविरहित' असं छापून विकणं खोटं आहे. डिओडरंटमधल्या अल्युमिनियमचा कर्करोगाशी स्पष्ट संबंध सिद्ध झालेला नाही, पण मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तुरटीही रोज लावू नका.

---

नागरमोथा (चिंचवड)

दिवाळीच्या उटण्यात वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी असतं. त्याचीच पूड आरारूटऐवजी कांडीत घातली तर? सुगंधी तेलांची गरजच राहणार नाही.

---

घाण्याचंतेल

पूड घालू नका. वनौषधींची कच्ची पूड स्वच्छ नसते, त्यात बुरशीचे बीजाणू असतात. उटणं आपण लावून पाच मिनिटांत धुतो, कांडी दिवसभर ओल्या जागी राहते. शिवाय सदऱ्याच्या काखेत तपकिरी डाग पडतात आणि आंबेहळद असेल तर पिवळे.

तेल मुरवा. १०० ग्रॅम खोबरेलात वाळा १० आणि कपूरकाचरी ५ ग्रॅम, दोन्ही जाडसर कुटून, आधी कडकडीत उन्हात वाळवून. पाण्यावरच्या डब्यात झाकण ठेवून दोन तास, तेल ६० अंशांच्या वर जाऊ न देता. रात्रभर तसंच ठेवून मलमलमधून गाळा, तळाचा गाळ सोडून वरचं तेल घ्या. काष्ठौषधीच्या दुकानात, मंडई-तुळशीबागेच्या बाजूला, वाळा मुळीच्या जुडीत घ्या, पूड नको. वास सौम्य येईल, बाजारच्या फवाऱ्यासारखा खोलीभर दरवळणार नाही. लाकडी घाण्याचं खोबरेल घेणार असाल तर ते आधी दोन दिवस निवळू द्या. त्यातला चोथा राहिला की कांडी लवकर खवट होते. व्हिटॅमिन ई खवटपणा लांबवतं, जंतू मारत नाही, हेही लक्षात असू द्या.

विकतचं सुगंधी तेल वापरणाऱ्यांसाठी: अर्धा टक्का म्हणजे शंभर ग्रॅमला साधारण दहा-बारा थेंब, त्यावर जाऊ नका. लॅव्हेंडर, टी ट्री, वाळ्याचं तेल ठीक. दालचिनी आणि लवंग काखेत नकोत. गवतीचहाच्या तेलाचीही अनेकांना ॲलर्जी येते.

---

सामूपट्टी

वापराबद्दल राहिलेलं लिहितो.

नवं काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास बघा. केस काढल्यावर निदान एक दिवस कांडी नको, तुरटी तर नकोच. गजकर्ण, नायटा किंवा ओलसर पुरळ असेल तर त्यावर तेल आणि आरारूटसारखं पीठ दोन्ही बाधतात. आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. घामाचा वास अचानक बदलला किंवा बसल्या जागी कपडे भिजू लागले तरीही डॉक्टरच, डिओडरंट नाही.

काख साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा, मग दोन फटकारे. जास्त लावल्याने जास्त वेळ टिकत नाही, कपड्याला मात्र जास्त लागतं. कपडा घालण्याआधी दोन मिनिटं थांबा. काळ्या कुडत्यावर पांढरं उमटत असेल तर झिंक ५ वरून ३ करा आणि ते दोन आरारूटमध्ये घाला. पिवळट तेलकट डागावर धुण्याआधी भांड्यांचा द्रवरूप साबण चोळून अर्धा तास ठेवा. नुसती धुण्याची पावडर मेण काढत नाही.

पावसाळ्यात पुण्यात घाम वाळत नाही, तेव्हा दुपारी एकदा ओल्या रुमालाने पुसून, कोरडं करून पुन्हा लावावं लागेल. जुन्या थरावर नवा थर देऊ नका, वास दुप्पट होतो.

आणि कांडी स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. मेच्या उन्हात डिकी इतकी तापते की मेण १८ ग्रॅम असूनही आतला ऐवज मऊ पडून झाकणाला चिकटेल.

---

लिंबकांती

सगळ्यांचे मनापासून आभार. मेण १८, मॅग्नेशियम ५, आरारूट २१, खोबरेलाच्या जागी वाळ्याचं मुरवलेलं तेल, असं करते. जास्त केल्या तर सोसायटीतल्या प्रदर्शनात विकता येतील का?

---

बोहरीआळी

घरच्यांना, मैत्रिणींना द्या, पण विकायला परवाना लागतो. सौंदर्यप्रसाधनांचं उत्पादन १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांखाली येतं, आणि परवाना आपल्याकडे राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. भेट देतानाही नळीवर घटक आणि केल्याची तारीख लिहा. कोणाला मधमाशीच्या मेणाची ॲलर्जी असते, कोणाला नारळाची. तीन-चार महिन्यांत संपेल एवढीच करा, आणि खवट वास आला तर उरलेली टाकून द्या.